शुभाकाकूंची रेसिडेन्सी

"काकू, कसं सांगू कळत नाही, पण तुम्ही पेशंटवर ओरडता," केया म्हणाली.

लस टोचायच्या चिंचोळ्या खोलीत दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. शुभाने पांढऱ्या कोटाची सुरकुती हाताने सपाट केली.

"ओरडत नाही गं. समजावून सांगते."

"काल मिस्टर डॉयलना काय सांगितलंत?"

"काय म्हणजे? गोळ्या का घेत नाही ते विचारलं."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर..." शुभा आठवू लागली. "म्हटलं, पायांना सूज आलीये, उद्या फुप्फुसात पाणी भरेल, मग अँब्युलन्सला फोन कोण करणार? खोटं आहे का त्यात काही?"

"खोटं नाहीये. पण काकू, ते एटी-टू आहेत. औषधं काउंटरवर तशीच ठेवून निघून गेले. आणि त्यांच्या मागे लाइनमध्ये एक बाई होती ना, ती पण गेली. तिचा तर टर्न पण आला नव्हता."

शुभाला ती बाई आठवली नाही.

केयाने लॅपटॉपचं झाकण थोडं खाली केलं, म्हणजे त्याच्यामागे निम्मा चेहरा लपेल इतकं. "तुमचं इव्हॅल्युएशन मला लिहायचंय. बाकी सगळ्यात तुम्ही टॉप आहात. ड्रग नॉलेजमध्ये मीच तुम्हाला विचारते. पण कम्युनिकेशनला मला 'नीड्स इम्प्रूव्हमेंट' द्यावं लागतंय. जूनपर्यंत ते बदललं नाही तर सर्टिफिकेट नाही देता येणार."

"बरं," शुभा म्हणाली.

"आणि काकू, प्लीज, आईला सांगू नका."

केया तीस वर्षांची होती आणि शुभा एकोणपन्नासची. केयाची आई रुपाली ही अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावातली शुभाची सगळ्यात जुनी मैत्रीण. रविवारच्या मराठी शाळेत शुभाने केयाला बाराखडी शिकवली होती आणि 'ळ' म्हणता येत नाही म्हणून एकदा रडवलंही होतं. आता ती डॉक्टर ऑफ फार्मसी होती, रूट नाइनवरच्या या फार्मसीची क्लिनिकल मुख्य होती आणि शुभा तिच्या हाताखाली शिकत होती. नियमाप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची. केयाने पहिल्या दिवशी दोनदा 'शुभा' म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तिचा चेहरा लाल झाला. तिसऱ्यांदा ती 'काकू' म्हणाली आणि तेच राहिलं. आठवड्याभरात गोळ्या भरणारी टेक्निशियनही काकू म्हणू लागली. गिऱ्हाइकांना वाटलं तेच नाव आहे. कोटावरच्या बिल्ल्यावर स्पष्ट 'शुभा' लिहिलेलं असूनही लोक फोन करून विचारत, "कॅकू आहेत का?"

पदवी झाली, परवाना मिळाला, तरीही ज्यांना दुकानातल्या फार्मसीत नुसत्या गोळ्या मोजण्यापलीकडचं काम करायचं असतं, त्यांच्यासाठी इथे एक वर्षाचं प्रशिक्षण असतं. पेशंटजवळ बसायचं, त्याची सगळी औषधं तपासायची, रक्तदाब बघायचा, लस द्यायची, डॉक्टरच्या ऑफिसात फोन करून न भांडता औषध बदलून घ्यायचं. या वर्षाला रेसिडेन्सी म्हणतात. शुभाने हे मंडळाच्या गणपतीत सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, "रेसिडेन्सी मिळाली? अभिनंदन. आम्हाला वाटलं तुमचं ग्रीन कार्ड कधीच झालं." शेजारच्या काकूंनी समजूत करून घेतली की शुभा डॉक्टर झाली, आणि पाटावरच्या गणपतीसमोरच तिला आपला गुडघा दाखवला. शुभाने तो पाहिला. नाही म्हणायची सवय तिला कधी नव्हती.

तिच्या शिकण्याला मुळात पंचवीस वर्षांचा खाडा होता. नागपूरला बी. फार्म. केलं, सीताबर्डीवरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये दोन वर्षं काम केलं, मग रवीशी लग्न होऊन इथे आली. डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. ती परवानगी आली तोवर मुलगा, कुश, शाळेत जायला लागला होता. कुश कॉलेजचे अर्ज भरायला बसला तेव्हा जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शुभा परदेशी फार्मसिस्टांच्या परीक्षेचा अभ्यास करायला बसली. तिच्या काळची चार वर्षांची डिग्री सुदैवाने चालली. एकेक परीक्षा ती पार करत गेली. रेसिडेन्सीच्या मुलाखतीला सगळे उमेदवार कुशपेक्षा थोडेच मोठे होते. त्यातल्या एकाने तिलाच मुलाखत घेणारी बाई समजून आपला बायोडेटा दिला.

सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर माणसांची रांग नसे, गर्दी असे. तिथे रागावणं ही सेवाच होती. "काल का नाही आले? साखर वाढवून घ्यायची आहे काय?" असं शुभा म्हणे आणि लोक ओशाळून हसत. एक मास्तर तर दर महिन्याला फक्त तिच्याकडूनच औषध घेत. "पोरगी रागावते, म्हणून लक्षात राहते," म्हणत. तेच सगळं ती इथे इंग्रजीत करत होती आणि इथे लोक औषधं टाकून पळत होते.

"मग काय करू सांग," तिने केयाला विचारलं.

"प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर यस किंवा नो नाहीये असा. आणि मग थांबायचं."

"थांबायचं म्हणजे?"

"म्हणजे गप्प. ते बोलेपर्यंत."

"आणि ते बोललेच नाहीत तर?"

"बोलतात, काकू. लोकांना ती सायलेन्स सहन नाही होत. फक्त आपण पहिले नाही बोलायचं."

ऐकायला सोपं होतं. त्या दिवशी दुपारी शुभाने एका बाईला विचारलं, "नवीन इनहेलर कसा वाटतोय तुम्हाला?" आणि ती थांबली. बाईने श्वास घेतला. तेवढ्यात शुभाच्या तोंडून गेलं, "गुळण्या करता ना नंतर? नाहीतर तोंड येईल." बाई म्हणाली, "हो, हो," आणि गेली. काचेपलीकडून केयाने पाहिलं आणि डोळे मिटले.

उपाय शुभाला घरी सापडला. मसाल्याच्या डब्यातली लवंग. जिभेखाली लवंग असली की बोलायच्या आधी ती सांभाळावी लागते, आणि त्या वेळात समोरचा बोलून जातो. पहिला प्रयोग तिने त्याच संध्याकाळी जेवताना रवीवर केला.

"अहो, माझ्या या रेसिडेन्सीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली आणि लवंग तोंडात टाकली.

"छान आहे की," रवी म्हणाला.

शुभा गप्प.

रवीने पोळीचा घास घेतला. वर पाहिलं. शुभा प्रेमाने त्याच्याकडे बघत होती. लग्नाच्या एवढ्या वर्षांत हे त्याने फारसं पाहिलं नव्हतं.

"भाजी मस्त झालीये," तो म्हणाला.

शुभा गप्प.

"काय झालं? कोणी काही सांगितलं का?"

शुभाने मान थोडी कलती केली. केयाने तसंही करायला सांगितलं होतं.

रवीने पोळी खाली ठेवली. "बरं. सांगतो. तू रोज सकाळी देतेस ती मेथीची पूड मी सिंकमध्ये टाकतो. पहिल्यापासून."

लवंग दाताखाली कडकन फुटली. पण शुभा बोलली नाही, कारण जीभ पोळली होती.

"आणि मंगळवारी ऑफिसमधली मुलं चिकन विंग्ज मागवतात," रवी पुढे म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवेना. "मी पण खातो. तुला वाटतं मी सॅलड नेतो. सॅलड नेतो मी, ते खरं आहे. ते आमच्यातला विशाल खातो."

शुभाच्या डोळ्यांत लवंगेने पाणी आलं होतं. रवीला ते वेगळंच वाटलं. त्याचा आवाज खाली आला.

"आणि खरं सांगू? घरी आलो की अंधार असतो. कुश कॉलेजला, तू तिकडे. गराजचं दार उघडतं आणि आत एक दिवा नसतो. मी थोडा वेळ गाडीतच बसतो. रेडिओ लावतो. मग आत येतो."

हे ऐकून शुभा खरोखरच गप्प झाली. थोड्या वेळाने ती उठली, त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि म्हणाली, "सांगायचं ना मग. काय करून राहिले तुम्ही गाडीत बसून?"

दुसऱ्या दिवसापासून रवी ऑफिसमधून सरळ फार्मसीत यायला लागला. रक्तदाबाच्या मशीनजवळ दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीत बसून तो शुभाचं काम संपायची वाट बघे. रिकामा वेळ जाईना म्हणून मशीनमध्ये हात घाले. तिसऱ्या दिवशी केया त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "काका, आज हे चौथ्यांदा आहे. लोक थांबलेत."

"वरचा आकडा कमी होतोय का बघतोय," रवी म्हणाला.

शुभाच्या गप्प बसण्याची बातमी रवीने रुपालीच्या नवऱ्याला सांगितली, त्याने रुपालीला सांगितली, आणि रुपालीचा फोन आला.

"शुभा, ऐक ना. तू म्हणे गप्प बसून लोकांकडून काहीही काढून घेतेस?"

"तसं नाही गं ते. ती टेक्निक आहे."

"तेच. माझं एक काम कर. केयाला विचार ना, कोणी आहे का तिच्या लाइफमध्ये. मी विचारलं की डोअर बंद करते. तुझ्यासमोर तर दिवसभर असते."

"अगं, बॉस आहे ती माझी."

"बॉस काय? तू तिची शी पुसलीयेस."

हे खरं होतं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत शुभाने डबा उघडला, लवंग तोंडात ठेवली आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "केया, हल्ली वीकेंड कसे जातात तुझे?"

केयाने काट्याने पास्ता गुंडाळला. तो खाल्ला. पाणी प्यायली. शुभा थांबली. केयाही थांबली. मागे फोन वाजून बंद झाला. टेक्निशियन दारातून डोकावली आणि काहीतरी गंभीर चाललंय असं समजून परत गेली.

"काकू," शेवटी केया म्हणाली, "हे मी तुम्हाला शिकवलंय."

"माहीत आहे," लवंगेमागून शुभा म्हणाली.

"आईने सांगितलं?"

शुभा गप्प राहिली. आता तिला पर्यायच नव्हता.

केया हसायला लागली. "टोन चांगला होता पण. आणि मान कलती केलीत ते मस्त. फक्त लवंगेचा वास फार येतो." मग डब्यातला मेथीचा पराठा तिने न विचारता उचलला. "तिला सांगा, सांगायसारखं झालं की मी स्वतः सांगेन. आणि तुम्ही विचारलंत म्हणून मला राग नाही आलेला. हे पण सांगा."

फेब्रुवारीच्या शेवटी मिस्टर डॉयल परत आले. डॉक्टरच्या ऑफिसातून औषधाची आठवण करून देणारा फोन गेला म्हणून आले होते. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी. बुटांच्या नाड्या त्यांनी बांधल्याच नव्हत्या. पाय इतके सुजले होते की बुटांचं तोंड उघडं राहिलं होतं. काउंटरवर शुभा आहे हे पाहून त्यांनी आधी दुसरीकडे कोणी आहे का ते बघितलं. केया मुद्दाम मागे गेली होती.

शुभाने त्यांना रक्तदाबाच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसली. आकडे वाईट होते. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी या माणसाने आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच घेतली असणार. 'तुम्हाला कळतंय का' इथपासूनचं सगळं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. लवंग दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिली होती.

"मिस्टर डॉयल," ती म्हणाली, "ही गोळी घेता त्या दिवशी तुमचा दिवस कसा जातो?"

"ठीक," ते म्हणाले.

शुभाने हात मांडीवर ठेवले. मिस्टर डॉयलनी मशीनवरची सूचना वाचली. मग छताकडे पाहिलं. मग या वर्षी बर्फ फार पडला असं म्हणाले. शुभाने मान डोलावली. ते तिच्याकडे वळले.

"तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे."

"नाही, तुम्ही ओरडत नाही आहात."

शुभा यावरही काही बोलली नाही. तिला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही तिने आतच ठेवलं.

"ती गोळी," मिस्टर डॉयल सावकाश म्हणाले, "घेतली की मला सारखं जावं लागतं. दर वीस मिनिटांनी." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "मार्गरेट, माझी बायको, शहराच्या पलीकडे, आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये आहे. सकाळी मी इथून बस घेतो. मग डाउनटाउनला बदलायची. दोन्ही मिळून दीड तास जातो. बसमध्ये सोय नसते. एकदा..." ते थांबले. "एकदा फार वाईट झालं. ड्रायव्हर चांगला माणूस आहे, त्याने कोणाला कळू दिलं नाही. त्यानंतर ज्या दिवशी जायचं त्या दिवशी मी गोळी घेत नाही."

"आणि जाता कोणत्या दिवशी?"

"रोज," ते म्हणाले.

शुभा त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. महिनाभरापूर्वी या माणसाला तिने अँब्युलन्स कोण बोलावणार असं विचारलं होतं.

"घरी परत कधी येता?" तिने विचारलं.

"तीन वाजता."

"आल्यावर घेतलीत तर? तीन वाजता घ्यायची, संध्याकाळपर्यंत घरीच असता. रात्री झोपही मोडणार नाही."

मिस्टर डॉयलनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाटलीवर तर सकाळी असं लिहिलंय."

"बाटलीवर काय लिहायचं ते मी डॉक्टरांना विचारते."

डॉक्टरच्या ऑफिसने तिला बराच वेळ फोनवर ताटकळत ठेवलं आणि संगीत ऐकवलं. नर्सने एका वाक्यात होकार दिला. शुभाने बाटलीवर नवीन लेबल चिकटवलं, दुपारी तीन वाजता. मिस्टर डॉयलनी चष्मा लावून ते वाचलं.

"थँक यू, मिस कॅकू," ते म्हणाले.

ते गेल्यावर केया मागून आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं असं ती म्हणाली. "त्यांची फाइल तीन वर्षांपासून आपल्याकडे आहे, काकू. 'नॉन-कंप्लायंट, औषधं घेत नाहीत' असं लिहिलंय त्यात. मीच लिहिलंय."

दोन आठवड्यांनी मिस्टर डॉयल नाड्या बांधलेले बूट घालून आले. मग ते दर महिन्याला येत. मार्गरेट आज काय जेवली, कोणाला काय म्हणाली, ते सांगत. एकदा मार्गरेटने त्यांना बरोबर ओळखलं आणि तीस वर्षांपूर्वी हरवलेल्या एका छत्रीबद्दल रागावली, हे त्यांनी फार आनंदाने सांगितलं. शुभा ऐकत असे. लवंगा बंद झाल्या होत्या. रवी मंगळवारी अजूनही विंग्ज खात होता, पण आता सांगून खात होता. मे महिन्यातल्या मूल्यमापनात केयाने संवादाच्या रकान्यात 'अपेक्षेपेक्षा सरस' असं लिहिलं आणि आईला सांगितलं तरी चालेल म्हणाली. रुपालीने त्यानिमित्त पुरणपोळ्यांचा बेत केला आणि जेवताना सगळ्यांसमोर केयाला विचारलं, कोणी आहे का. केयाने उठून पाणी आणलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, एके दिवशी सकाळीच, मिस्टर डॉयल आले. या वेळेला ते एरवी मार्गरेटकडे जाणाऱ्या बसमध्ये असत. इस्त्री केलेला शर्ट होता आणि वर कोट. त्यांच्यापुढे दोघं जण होते. ते रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा खिशातून बाटली काढून त्यांनी काउंटरवर ठेवली.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ही गोळी आता सकाळी घेतली तर चालेल ना?"

"सकाळी?" शुभा म्हणाली. "पण मग बसमध्ये..."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही.

"हो," मिस्टर डॉयल म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

शुभाने काउंटरची फळी उचलली आणि ती बाहेर आली. मशीनजवळच्या खुर्च्यांवर दोघं बसले. मागे रांग वाढत होती. केया काही न विचारता काउंटरवर आली आणि पुढच्या माणसाचं नाव घेऊ लागली. मिस्टर डॉयलनी मशीनवरची सूचना पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले की नर्सिंग होमच्या लोकांनी मार्गरेटचे कपडे फार नीट घड्या घालून दिले, तिला स्वतःला घड्या कधीच जमल्या नव्हत्या. शुभाने त्यांच्या बाहीवर हात ठेवला. मग ते उठले.

"सकाळी," शुभा म्हणाली. "नाश्ता झाल्यावर."

"नाश्ता झाल्यावर," त्यांनी म्हटलं, बाटली कोटाच्या खिशात घातली आणि दाराकडे गेले.

काचेतून रस्ता दिसत होता. मिस्टर डॉयल फुटपाथवरून सावकाश चालत होते, आणि स्टॉपच्या खांबाशी पोचले तेव्हा मागून बस आली. त्यांनी हात केला नव्हता, तरी ती थांबली. दार उघडलं. त्यांचा रोजचा ड्रायव्हर आतून काहीतरी म्हणाला असावा, कारण मिस्टर डॉयलनी नकाराची मान हलवली, मग पुन्हा एकदा हलवली. ड्रायव्हर सीटवरून उठला आणि पायरीवर येऊन उभा राहिला. दोघं तसेच थोडा वेळ उभे होते. बसच्या मागे गाड्या थांबत गेल्या. खिडक्यांमधून माणसं बघत होती. मग ड्रायव्हर आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि म्हातारा वळून घराच्या दिशेने चालू लागेपर्यंत त्याने दार लावलं नाही.